फुंकणी बाजूला ठेवा

(कृषी पर्यटन केंद्रं आणि घरगुती खानावळी चालवणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी जेवणाआधी मी तुमच्या चुलीपाशी जाऊन बसले होते. भाकरी करणारी मुलगी विशी-बाविशीची. हात सुरेख चालतो तिचा, पण डोळे लाल झालेले आणि दर दोन मिनिटांनी फुंकणी तोंडाला. मी चुलीतली दोन-तीन लाकडं बाहेर ओढली, तोंडाशी एक जाड लाकूड आडवं ठेवलं आणि बाकीची त्यावर उशीसारखी टेकवली. थोड्या वेळात धूर ओसरला. ती म्हणाली, "मावशी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." सांगणार कोण? तिच्या घरी पहिल्यापासून गॅस. रस्त्यारस्त्यावर ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या लागल्या आहेत, पण चुलीपाशी बसणाऱ्या मुलींना विस्तव कसा राखायचा हे दाखवायला घरात कुणी उरलेलं नाही. म्हणून आज मी फक्त विस्तवाबद्दल बोलणार आहे.

लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ पाऊण हिस्सा असा वायू होऊन निघतो. आपल्याला जाळ दिसतो तो या वायूंचा. मागे कोळसा उरतो, तो निखारा होऊन जळतो. वायूंना हवा पुरली नाही किंवा ते लवकर गार झाले तर न जळताच बाहेर येतात, आणि तोच आपला धूर. जळती काडी फुंकून विझवा, पांढरा धूर निघेल. त्या धुरालाच अगदी जवळून आगपेटीची काडी लावा. धूर पेट घेतो. म्हणजे डोळ्यांत जातं ते तुम्ही पैसे देऊन आणलेलं सरपणच आहे.

जाळाला हवा लागते ती खालून. आडव्या लाकडाची उशी त्याचसाठी. लाकडं थेट राखेवर टेकली की खालची वाट बंद होते आणि मग फुंकणी हातात घ्यावी लागते. चुलीत लोखंडी जाळी बसवली असेल तर उत्तम, पण जाळीखालची राख रोज काढा. चुलीचं तोंड निम्म्याहून जास्त भरू नका. अंगठ्याएवढी जाड, फोडलेली लाकडं घ्या आणि टोकं जळतील तशी आत सरकवत राहा. जाळ कमी करायचा तर लाकूड मागे ओढा. एवढं जमलं की फुंकणी कोपऱ्यात पडून राहते.

ओल्या लाकडाबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण घोटाळ्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते पाणी आधी उकळतं आणि मग त्याची वाफ होते. पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातेक पट उष्णता त्याची वाफ करायला जाते. ती सगळी तुमच्या आमटीच्या वाट्याची! सरपण उन्हाळ्यात फोडा, पावसाआधी पडवीत रचा, खाली दोन आडवी लाकडं देऊन जमिनीपासून उचला. दोन लाकडं एकमेकांवर आपटली तर सुकी टणकन वाजतात, ओली दबक्या आवाजात. आजचं लाकूड उद्या लागणार असेल तर ते चुलीजवळ ठेवा, पण चुलीला टेकवून नको.

पेटवताना खाली चुडतांच्या, म्हणजे नारळाच्या झावळ्यांच्या, सुक्या पाती, नारळाची सोडणं, देशावर असाल तर तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या). त्यावर काटक्या एकमेकींत फट ठेवून रचा. जाळ काटक्यांनी धरला की मगच जाड लाकूड. प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा, रंग दिलेली फळी घालू नका, त्यांचा धूर विषारी असतो. कण्हेरही नको. तीन दगडांची चूल मांडत असाल तर नदीतले दगड आणू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटून उडतात.

आणि रॉकेल. माझी मावशी रॉकेलने भाजली. चूल विझली असं समजून तिने राखेवर डब्यातून रॉकेल ओतलं. खाली निखारे होते. तापलेल्या रॉकेलची वाफ उठली, क्षणात भडका झाला आणि धारेवरून जाळ डब्यापर्यंत आला. हात आणि मान. ती वाचली, पण त्यानंतर पदर कधी मोकळा सोडला नाही तिने. तुमच्या चुलीजवळ रॉकेल, डिझेल, सॅनिटायझर काहीही दिसता कामा नये. चुलीपाशी सुती कपडे घाला, पदर-ओढणी खोचा. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. टूथपेस्ट, शाई, हळद नको. मोठं भाजलं असेल तर सरळ दवाखाना गाठा.

१९८०च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तेव्हा मी गावोगाव चुली बांधत फिरले. बऱ्याच चुली वर्षा-दोन वर्षांत मोडल्या. मी परत जाऊन पाहायचे, तर धुराड्यात काजळी साचून वाट बंद झालेली असायची. धुराडं साफ करायचं असतं, हे आम्हीच नीट सांगितलं नव्हतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे बत्तीस लाख माणसं दगावली. तुमच्याकडे पाहुणा तासभर चुलीजवळ बसून फोटो काढतो आणि जातो. ती मुलगी रोज सहा तास बसते. तिच्या डोक्यावर धुराडं हवं, समोर उघडी खिडकी हवी, आणि धुराडं महिन्यातून एकदा झाडायला हवं.

रात्री चूल आवरताना लाकडं बाहेर काढून टोकं वाळूच्या बादलीत खुपसा. तापलेल्या मातीच्या चुलीवर पाणी ओतलं तर चूल तडकते आणि वाफेने हात भाजतो. राखेत पुरलेला निखारा दुसऱ्या सकाळपर्यंत जिवंत राहतो. आपल्या आज्या त्यावरच सकाळची चूल पेटवायच्या. म्हणून राख लोखंडी घमेल्यात काढा, गोठा आणि गवताच्या गंजीपासून लांब ठेवा.

थंडीत पाहुणे खोलीत निखाऱ्यांची शेगडी मागतात. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून ती निर्धोक वाटते. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत झोपलेला माणूस जागा होत नाही. पाहुणा रागावला तरी चालेल, शेगडी अंगणातच ठेवा. खोलीत आणखी एक गोधडी द्या.