भविष्यातला एसी कोण दुरुस्त करणार?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'जुन्या सामानातून भविष्य कसं उभं करतात'. त्याकडे मी येतोच, पण आधी एक तक्रार. दिग्दर्शक टेरी गिलियमच्या १९८५ सालच्या 'ब्राझील' या सिनेमावर काहीही वाचायला घ्या, पहिल्या ओळीत 'हुकूमशाहीवरचं भाष्य' असतंच. तुमच्यापैकी बहुतेकांनी सिनेमा पाहिलाय. मग सांगा, त्यात हुकूमशहा कुठाय? टीव्हीवर एक उपमंत्री मुलाखत देतो. बॉम्बस्फोटांचं तेरावं वर्ष चालू असतं आणि हे गृहस्थ म्हणतात, नवशिक्यांचं नशीब हो! असल्या माणसाला कोण घाबरणार?

माझं म्हणणं, हा सिनेमा मेंटेनन्सवर आहे. हसा, पण पुरावे ऐका.

सुरुवात आठवा. एक कारकून छतावरच्या माशीमागे लागून सामानाच्या उतरंडीवर चढतो. मेलेली माशी पडते नेमकी टेलिप्रिंटरमध्ये, अटकेचे कागद छापून होत असताना, आणि कागदावर 'टटल' या नावाचं 'बटल' होतं. ऐन नाताळात भलत्याच बटलला उचलतात. वरच्या घराच्या जमिनीला गोल भोक पाडून शिपाई खाली उतरतात. बायकोला नवऱ्याची पावती देतात, आणि ती पावती मिळाल्याची पावती तिच्याकडून सही करून घेतात. इथवर सगळे हसतात आणि पुढचं विसरतात. पुढे भोक बुजवायला माणसं येतात. सोबत तयार गोल बूच. ते बसत नाही! कामगार वैतागतो: आम्हाला न सांगता पुन्हा मेट्रिक मापं सुरू केली वाटतं. एक माणूस कायमचा गेलाय, आणि चर्चा बुचाच्या मापाची. या सिनेमाचा काळा विनोद इथे आहे.

आता एसी. नायक सॅम लाउरीच्या, म्हणजे जोनाथन प्राइसच्या घरातला एसी रात्री बंद पडतो. फोन केला तर टेप वाजते: कर्मचारी कमी असल्याने रात्री ११ ते सकाळी ९ तक्रारी घेतल्या जाणार नाहीत. (ओळखीचं वाटतंय? वाटू दे.) तेवढ्यात पिस्तूल रोखून हजर होतो खरा टटल, रॉबर्ट डी निरो. बिनपरवाना मेकॅनिक. सरकारी काम सोडलं, कारण फॉर्म भरून जीव नकोसा झाला. भिंतीचं पॅनल उघडलं की आत श्वास घेणाऱ्या नळ्यांचा गुंता, आतड्यांसारखा. हा पठ्ठ्या बायपास टाकून मोकळा होतो. मागोमाग सरकारी जोडगोळी येते, त्यातला स्पूर म्हणजे बॉब हॉस्किन्स. सॅम त्यांच्याकडे फॉर्म २७बी/६ मागतो, तर जोडीदाराला झटकाच येतो. (हुकूमशाहीवरच्या '१९८४' कादंबरीचा लेखक जॉर्ज ऑर्वेल लंडनमध्ये २७बी, कॅननबरी स्क्वेअरला राहायचा, हे जाता जाता.) नंतर दोघे फॉर्म घेऊन परत येतात आणि घराची पार वाट लावतात, तीही अगदी नियमानुसार. या राज्यात दहशतवादी कोण, तर फॉर्मशिवाय दुरुस्ती करणारा!

अमेरिकेत सिनेमा लावणार होता त्या युनिव्हर्सल स्टुडिओनेही सिनेमाची अशीच दुरुस्ती करायला घेतली. करार १२५ मिनिटांचा, सिनेमा भरला १४२. स्टुडिओप्रमुख सिड शाइनबर्गनी गोड शेवटाची ९४ मिनिटांची आवृत्ती कापायला लावली. गिलियमने 'व्हरायटी' या सिनेधंद्याच्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन त्यांना विचारलं, माझा सिनेमा कधी लावताय? मग लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी अमेरिकेत न लागलेल्या या सिनेमालाच वर्षातला सर्वोत्तम ठरवलं, आणि...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय धावतपळत.

पहिला नियम, कुठल्याच वस्तूवरून साल ओळखता येता कामा नये. म्हणून कोट चाळीसच्या दशकातले, सॅमची गाडी पन्नाशीतली तीनचाकी मेसरश्मिट, आणि त्याची इमारत पॅरिसजवळची, वास्तुविशारद रिकार्डो बोफिलची, तेव्हा नवीकोरी. पडद्यावर वेळ मिनिटासकट येते, रात्रीचे ८:४९. साल मात्र 'विसाव्या शतकात कुठेतरी'.

दुसरा, नवं यंत्र जुन्यावरच चढवायचं. कॉम्प्युटर म्हणजे टेलिप्रिंटरचा कीबोर्ड, वर इवलीशी पिक्चर ट्यूब, तिच्यापुढे फ्रेनेल भिंग, म्हणजे गोल खाचांचं चपटं भिंग. असल्या भिंगातून अक्षरं मोठी दिसतात, पण समोरूनच. मान जरा कलली की वेडीवाकडी. तरी साहेबांची पाठ वळताच कारकून त्यावर वेस्टर्न सिनेमे बघतात.

तिसरा लेन्सचा. वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स वापरली, १४ मिलिमीटरची तर 'गिलियम लेन्स' म्हणूनच ओळखतात, की छत फ्रेममध्ये येतं. मग वरून लाइट टांगायची सोय जाते आणि छतही सजवावं लागतं. तिथे नळ्या कामी येतात. आणि सेट परवडत नसेल एवढा मोठा हवा असेल, तर तो शोधायचा: शेवटची छळाची खोली म्हणजे क्रॉयडनच्या वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर, आतून.

आता बघताना सॅमच्या नव्या ऑफिसातलं टेबल चुकवू नका. ते भिंतीतून आरपार गेलंय आणि पलीकडचा माणूस ते आपल्याकडे ओढतोय. दिवे घालवा, प्रत १४२ मिनिटांचीच आहे.