डोंगराआडचा पाऊस

(वेण्णा तलाव, धुकं)
जुलैतलं महाबळेश्वर. समोर तलाव आहे. धुकं उठायची वाट पाहून शेवटी असाच घेतला. इथं वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

(दरीतून चढणारे ढग)
हा ढग आपल्या डोळ्यांदेखत तयार होतोय. उन्हाळ्यात जमीन समुद्राआधी तापते, उत्तरेकडं हवेचा दाब उतरतो. विषुववृत्त ओलांडून आलेले वारे पृथ्वीच्या फिरण्यानं वळतात आणि नैर्ऋत्येकडून, अरबी समुद्राचं बाष्प घेऊन येतात. कोकणची चिंचोळी पट्टी संपली की समोर सह्याद्री. वारा चढतो, चढता चढता गार होतो. गार हवेत बाष्प मावत नाही, ते इथंच सांडतं.

(गाडीतून रस्ता)
सातारा, कोरेगाव, पुसेगाव. वायपर कुठं थांबतो ते बघा. ढग वरून जातायत, वाराही तोच. पण डोंगर उतरताना हवा दाबली जाते, तापते आणि उरलंसुरलं बाष्प सोडत नाही.

(माण नदीचं कोरडं पात्र)
दहिवडी. जिल्हा साताराच. महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. टीव्हीवर मुंबई तुंबलेली असते तेव्हा इथं धूळ उडते. जूनला पाऊस आला म्हणायचं ते कोकणानं. माणदेश वाट बघतो उत्तरा आणि हत्ती (हस्त) या नक्षत्रांच्या पावसाची.

(सप्टेंबर, वाढणारा ढग, वेगवान चित्रण)
सप्टेंबरात पश्चिमेचा वारा ढिला पडतो. उन्हानं रान तापतं, दमट हवा सरळ वर उठते. सकाळी आभाळ मोकळं, दुपारी हा असा गड्डा, दिवस मावळताना गडगडाट. या ढगाला डोंगर लागत नाही. बंगालच्या उपसागरातून आलेला एखादा कमी दाबाचा पट्टाही हात देऊन जातो. शाळूची पेर याच ओलीवर होते. पुढं वारा फिरतो, ईशान्येकडून वाहू लागतो आणि आपलं आभाळ निवळत असताना चेन्नईचा पावसाळा सुरू होतो.

हा परतीचा पाऊस चुकला, की टँकर आणि चारा छावण्या.

(मेंढरांचा कळप, घाट)
दिवाळीनंतर मेंढरं घाट उतरून कोकणात जातात आणि मृगाआधी माघारी फिरतात. तिकडच्या झडीत मेंढरू टिकत नाही.

(पुढं निवेदन नाही. घंटांचा आवाज.)