वाकलं म्हणून ताठ

श्रोतेहो, नमस्कार. दाढीचं दुधारी ब्लेड जपून दोन बोटांत धरलं, की ते किती लेचंपेचं असतं ते कळतं. जाडी जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. असं ब्लेड गालावर नुसतं फिरवलं, तर ते थरथरेल आणि कातडी सोलून काढेल. जुन्या सेफ्टी रेझरची सगळी करामत आहे ती या लेच्यापेच्या पत्र्याला ताठ करण्यात.

कागदाची पट्टी एका टोकाला धरली तर लोंबते. तीच पन्हळीसारखी किंचित मुडपली की सरळ उभी राहते. रेझरचं झाकण आतून कमानदार असतं ते याचसाठी. झाकण, खालची पट्टी आणि मूठ, असे तीनच भाग. मूठ आवळली की ब्लेड कमानीवर दाबलं जातं, वाकतं आणि ताठ होतं. किंग कॅम्प जिलेट यांना या रेझरचं अमेरिकी पेटंट मिळालं १९०४ साली. पण इतक्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार लावायचं अवघड काम निभावलं विल्यम निकर्सन यांनी. त्यांचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही.

जुना रेझर घेताना ब्लेड बसवून तो डोळ्यांसमोर आडवा धरा. धार दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एका कोपऱ्यात जास्त दिसली, तर रेझर कधीतरी आपटलेला आहे, आणि तिथेच तो कापणार. मग मुठीचं तोंड बघा. पोकळ मुठीला आट्यांपाशी केसासारखी चीर पडते. अशी मूठ नीट आवळत नाही, आणि सैल ब्लेड म्हणजे जखम ठरलेली.

जिलेटच्या १९५० नंतरच्या बऱ्याच अमेरिकी रेझरांवर डोक्याच्या खालच्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि आकडा कोरलेला असतो. ‘ई २’ म्हणजे १९५९ची दुसरी तिमाही. त्याच सुमाराच्या, ‘फॅटबॉय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिलेट रेझरला १ ते ९ आकड्यांची चकती आहे. आकडा वाढवला की ब्लेड आणि पट्टी यांतली फट वाढते. सुरुवात ३ वर करा. ९ वर जायची हौस पहिल्याच दिवशी नको. चकती अडली तर जोर लावू नका, आत साबण साचून घट्ट झालेला असतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून रेझर अर्धा तास ठेवा, मग मऊ टूथब्रश. उकळतं पाणी आणि व्हिनेगर दोन्ही टाळा. सोनेरी मुलामा तर पॉलिशने घासूच नका. तो इतका पातळ असतो की खालचं पितळ लगेच डोकावतं.

दाढी करताना आधी झाकण गालाला टेकवा, मग मूठ हळूहळू खाली आणा. केस कापल्याचा बारीक खरखर आवाज आला की थांबा. मूठ साधारण तीस अंशांवर असते. तोच कोन धरून केसांच्या दिशेने बोटभर लांबीचे फटकारे मारा. दाब शून्य, रेझरचं वजन पुरतं. काम झालं की मूठ थोडी सैल करून रेझर पाण्यात खळबळा आणि झटका. ब्लेड टॉवेलने पुसू नका, धार जाते आणि टॉवेलही.