बिडाचा गिअर, पोलादाचा कॅम

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे जुन्या इंजिनात प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी पोचवणारा भाग, म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती वरची टोपी आणि प्लगच्या वायरी. आज मी बोलणार आहे त्याच्या खालच्या टोकाबद्दल. तिथे एक मुठीत मावेल एवढा गिअर असतो, तिरक्या दात्यांचा. त्याचे दाते कॅमशाफ्टवरच (झडपा उघडणारा शाफ्ट, थोडक्यात कॅम) कापलेल्या दात्यांत अडकतात. दोन्ही शाफ्ट एकमेकांना काटकोनात आणि फेऱ्यांचं प्रमाण एकास एक. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, सहा हजार फेऱ्या होतात तेव्हा कॅमच्या तीन हजार होतात आणि डिस्ट्रिब्युटरच्याही तीन हजार.

उदाहरण म्हणून फोर्डचं ३०२ घनइंचांचं व्ही-८ इंजिन घेऊ. १९६८ पासूनच्या मस्टँगमध्ये ते सापडतं. शेवरलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनामध्ये डिस्ट्रिब्युटर मागे बसतो, फोर्डमध्ये पुढे, पण रचना तीच. या गिअरवर भार कसला, असं विचारलं तर बहुतेक जण ठिणगीचं नाव घेतील. टोपीखालचा रोटर फिरवायला काय ताकद लागते? जवळपास नाहीच. खरा भार ऑइल पंपाचा. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टच्या तळाशी एक षट्कोनी सळई बसते आणि ती पंप फिरवते. थंडीच्या सकाळी, घट्ट २०-डब्ल्यू-५० तेल आणि त्यात कुणी हौसेनं बसवलेला जादा क्षमतेचा पंप, एवढं सगळं या चार-दोन दात्यांवर येतं. माझं मत विचाराल, तर रस्त्यावरच्या साध्या इंजिनाला तो मोठा पंप लागतच नाही.

आता धातूकडे वळू. टॅपेट म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर, लोबवर, टेकून झडपेला ढकलणारा तुकडा. जुना सपाट टॅपेटचा कॅम बिडाचा असतो. त्याच्या लोबला किंचित उतार दिलेला असतो, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. बिडाच्या कॅमवर बिडाचा गिअर ही जोडी वर्षानुवर्षं चालली. बिडात ग्रॅफाइट असतं, ते घसरणीला मदत करतं, आणि दोन्हींचा कठीणपणाही एकमेकांना साजेसा.

रोलर कॅममध्ये टॅपेटच्या तळाला चाक आलं. घर्षण कमी झालं, पण सगळा दाब लोबवरच्या एका बारीक रेषेवर एकवटला. वर स्प्रिंगही कडक. म्हणून बरेचसे रोलर कॅम पोलादाच्या गजातून घडवतात. आणि डिस्ट्रिब्युटरचे दाते त्याच गजावर कापलेले असल्यामुळे तेही पोलादाचे झाले. वरती टॅपेट बदलले, खाली गिअरचा जोडीदार बदलला, आणि हे दुसरं पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. जुना डिस्ट्रिब्युटर पुसून, ग्रीस लावून परत बसवला जातो.

पुढे काय होतं? सहाणेवर चंदनाचं खोड उगाळावं तसा बिडाचा गिअर उगाळला जातो. दाते धारदार होतात, मग टोकं पातळ. डिस्ट्रिब्युटर एक अंश मागे पडला की क्रँकच्या हिशेबात ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे पडतं. टायमिंग लाइट लावली तर खूण एका जागी ठरत नाही. मालक कार्ब्युरेटरशी झटत बसतो. उगाळलेला चुरा दरम्यान तेलात मिसळत असतो. आणि एखाद्या दिवशी दाते सुटलेच, तर ठिणगी आणि तेलाचा दाब एकदमच जातात. इंजिन त्याच क्षणी बंद पडलं, तर त्याला नशीब म्हणायचं.

मग गिअर कोणता घ्यायचा? ‘रोलर कॅम आहे’ एवढ्या माहितीवर उत्तर देता येत नाही. कॅमच्या त्या दात्यांचा धातू कोणता, हे कॅम बनवणाऱ्याच्या कागदावरून किंवा थेट विचारून कळायला हवं. काही रोलर कॅमचं अंग पोलादाचं असतं, पण मागे बिडाचा गिअर दाबून बसवलेला असतो. अशा कॅमला साधा बिडाचा गिअर चालतो. तिथे पोलादी गिअर लावला तर कॅमचेच दाते जातील. अंगचे दाते पोलादाचे असतील तर पोलादी गिअर. फोर्डनं १९८५ मध्ये मस्टँगच्या ५.० एचओ (३०२ चंच पाच लिटरचं, जास्त ताकदीचं रूप) इंजिनात कारखान्यातूनच रोलर कॅम दिला, तेव्हा सोबत पोलादी गिअर दिला. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सनं स्मॉल ब्लॉकमध्ये १९८७ पासून रोलर आणले. त्यांच्याकडे मेलोनाइज केलेला गिअर मिळतो, म्हणजे क्षारांच्या द्रवात नायट्रोजन देऊन पृष्ठभाग कडक केलेला.

ब्राँझचा गिअर पोलादावर सुरक्षित खरा, पण तो स्वतः झिजण्यासाठीच असतो. शर्यतीचं इंजिन वारंवार उघडलं जातं, तिथे तो शोभतो. वर्षाला दोन सहलींपुरतीच निघणारी गाडी असेल तर त्याची आठवण कोण ठेवणार? पॉलिमरचे गिअरही निघालेत, दोन्ही धातूंवर चालतात, फक्त महाग.

धातू जुळला तरी माप उरतंच. जुन्या ३०२ च्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट ०.४६७ इंचाचा, नंतरच्या ५.० चा ०.५३१. गिअर शाफ्टवर किती उंचीवर बसतो हे तर त्याहून नाजूक. नवा गिअर सरळ ठोकून पिनेसाठी भोक पाडू नका. जुन्याची उंची डिस्ट्रिब्युटरच्या घराच्या बैठकीपासून मोजून घ्या. खाली बसला तर बोल्ट आवळताच शाफ्ट जखडतो. वर राहिला तर दाते कडेवर घासतात. आवळल्यानंतर शाफ्टला वर-खाली जरासा खेळ राहिलाच पाहिजे. दात्यांना निळा रंग लावून इंजिन हातानं फिरवा आणि खूण दात्याच्या मध्यावर पडते का ते बघा.

आणखी एक. सपाट टॅपेटच्या लोबचा उतार कॅमला मागे रेटून धरतो. रोलर लोबला तो उतार नाही, त्यामुळे कॅम पुढे-मागे सरकू शकतो, आणि दाते तिरके असल्यानं प्रत्येक सरकण्याबरोबर डिस्ट्रिब्युटर थोडा फिरतो. फोर्डमध्ये कॅमला अडवणारी पट्टी मुळातच आहे. जुन्या शेवरलेत नाही. तिथे पुढच्या झाकणामागे कॅमला अडवणारं बटण लावावं लागतं.

आता कुणी म्हणेल, रोलर झाला, मग झीज रोखणारं झिंकचं तेल कशाला? टॅपेटपुरतं ते ठीक. पण हे दोन तिरके गिअर आजही एकमेकांवर घसरतच चालतात. मी तरी तेल हलकं करणार नाही. पहिले काही तास चालवून डिस्ट्रिब्युटर बाहेर काढा, दाते बघा आणि परत लावा.

लावताना ५.० एचओचा कॅम जुन्या ३०२ मध्ये गेला असेल, तर ठिणगीचा क्रमही बदललेला आहे. जुना १-५-४-२-६-३-७-८, नवा १-३-७-२-६-५-४-८. इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाके फोडायला लागलं तर गिअरकडे जाण्याआधी टोपीवरच्या वायरी मोजा. चला, प्रश्न घेऊ.