पोस्टकार्डाएवढं पुस्तक

[जुनं कृष्णधवल छायाचित्र: न्यूयॉर्क, हार्लेम]

साल १९१२. न्यूयॉर्कच्या १२५व्या रस्त्यावरच्या वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेत एक तरुण काम मागायला आला आहे. मिसूरीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. याआधी त्यानं बेकन, साबण आणि चरबी विकली, नट व्हायची धडपड केली. आता त्याला रात्रीच्या वर्गात भाषणकला शिकवायची आहे. तो रात्रीचे २ डॉलर मागतो. संस्था नकार देते. शेवटी ठरतं, जमेल त्या फीमधला वाटा घ्यायचा.

हा तरुण म्हणजे डेल कार्नेगी. त्याचा पुढचा सगळा व्यवसाय या वाट्याच्या बोलीतून घडला, असं मला वाटतं. समोर बसलेली माणसं दिवसभर राबून यायची. उपयोग झाला नाही, तर पुढच्या वेळी खुर्ची रिकामी आणि खिसाही रिकामा. म्हणून त्यानं ठरावीक हातवारे, घोटलेली वाक्यं बाजूला ठेवली आणि एकेकाला उभं करून स्वतःच्या आयुष्यातलं बोलायला लावलं.

बोलता बोलता त्यांची खरी अडचण उघड झाली. त्यांना भाषण तर हवंच होतं, पण त्याहून जास्त हवं होतं ते साहेबाशी, गिऱ्हाइकाशी, घरच्यांशी नीट वागता येणं. कार्नेगीनं त्यावर पुस्तक शोधलं. कामाचं एकही सापडेना.

[टेबलावर एक छापील कार्ड]

मग त्यानं काही नियम पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर छापून वर्गात वाटले. माणसं ते घरी, दुकानात, कचेरीत वापरून बघायची आणि काय घडलं ते पुढच्या वर्गात उभं राहून सांगायची. पुढच्या हंगामात कार्ड मोठं झालं. मग पत्रक निघालं, मग पुस्तिका. अशी १५ वर्षं गेली. इतक्या माणसांनी वापरून पाहिलेला मजकूर क्वचितच कुठल्या लेखकाला मिळतो!

१९३४ मध्ये सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेतले लिऑन शिमकिन या वर्गाला येऊन बसले. पुस्तक करा, असा आग्रह त्यांनीच धरला. व्याख्यानं लघुलिपीत उतरवून घेतली गेली आणि १९३६ मध्ये 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल' बाजारात आलं. पहिली आवृत्ती अवघी ५,००० प्रतींची. पुढे खप कोटींच्या घरात गेला. मराठीतही अनुवाद झाले.

या पुस्तकानं वर्गाचीच भरभराट केली, हे विशेष. पानोपानी वर्गातल्या माणसांचे अनुभव होते. वाचणाऱ्या विक्रेत्याला त्यात आपल्यासारखाच कुणी दिसायचा आणि तो वर्गाची चौकशी करायचा. मागणी इतकी वाढली, की एकट्या कार्नेगीला ती पुरी करणं अशक्य झालं. शिकवण्याची पद्धत कागदावर पक्की होतीच. तिच्या आधारे इतर प्रशिक्षक तयार झाले आणि गावोगावी वर्ग सुरू झाले. १९५५ मध्ये कार्नेगी गेला, तरी ते थांबले नाहीत.