दुधाळ झालं, मग पुढं काय झालं?

या या, पुढं सरका, मागं उन्हं येतात. आज कुठला गॅस कसा ओळखायचा ते करून बघू. ही बाटली बघा. काल निपाणीहून येताना पानपट्टीवर चुना घेतला, पानवाला कन्नडमधनं विचारतोय, एवढा सुण्णा कशाला, तंबाखू तर खात नाही तुम्ही. म्हटलं, शाळेत न्यायचाय.

रात्री लिटरभर पाण्यात दोन चमचे ढवळला, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं, झाली चुन्याची निवळी. एका लिटरात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच चुना विरघळतो, बाकीचा तळाला बसतो, तेव्हा जास्त पडला म्हणून काही बिघडत नाही. बूच मात्र घट्ट लावायचं, नाहीतर हवेतलाच कार्बन डायऑक्साइड लागून वर साय धरते. आणि डोळ्यात उडू द्यायचं नाही, चुना आहे तो.

आता खायच्या सोड्यावर लिंबू पिळून निघालेला गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, नळीनं आत सोडूया. दुधाळ झालं! पुस्तक इथंच थांबतं. आपण गॅस सोडतच राहू, भरपूर वेळ... बघा, परत नितळ व्हायला लागलं. मी दहावीत असताना असाच उत्साहात गॅस सोडत बसलो आणि निरीक्षणात 'निवळी स्वच्छ' असं लिहिलं, सरांनी लाल रेघ मारली, मार्क गेले. खरं तर दोन्ही बरोबर होतं की! आधी न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट होतो, जास्त गॅस मिळाला की त्याचा विरघळणारा बायकार्बोनेट होतो. उकळलं की परत गढूळ. बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तो यातलाच प्रकार. श्वासात हा गॅस आहे हे जोसेफ ब्लॅकनं अठराव्या शतकात अशाच निवळीत फुंकून दाखवलं होतं.

जळती काडी विझली म्हणून कार्बन डायऑक्साइड, असं तर लिहूच नका, नायट्रोजनमध्येपण विझते. ऑक्सिजनला विझत आलेली लालबुंद काडी परत पेट घेते, हायड्रोजन 'फट' करून जळतो, हे तुम्हाला पाठच आहे, पुढं जाऊ.

मला खरी मजा अमोनियाची वाटते. कल्हईवाला वापरतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. चिमूटभर नवसागर आणि ओला चुना एका वाटीत कालवा, लगेच नाकाला झोंबतं, नाक जवळ नेऊ नका, हातानं वारा घालून वास घ्या. वाटीवर हळदीचा ओला कागद धरा, लालसर होतो. लाल लिटमस असेल तर निळा होतो, पण आपल्याकडं डबीतले कागद कधी संपतील सांगता येत नाही, हळद काय घरोघरी आहे.

आता हा कागद थोडा वेळ वाऱ्यावर ठेवा. परत पिवळा झाला! अमोनिया उडून गेला ना. चुना थेट कागदाला लागला असता तर तो लालच राहिला असता. म्हणून मी कागद वाटीला टेकवला नाही, तुम्हीपण टेकवू नका, आणि कागद लाल झाला एवढंच लिहून उठू नका, परत पिवळा झाला का ते बघायला पाच मिनिटं थांबा. तोपर्यंत कुणीतरी ती वाटी बाहेर नेऊन ठेवा बघू, माझ्याच डोळ्यांत पाणी यायला लागलंय.