बॉनेटला टेकलेली माणसं

(पडद्यावर : काळ्या-पांढऱ्या फोटोंची मालिका. समुद्रकिनारा, घरासमोरचा रस्ता, डोंगरातलं वळण. प्रत्येक फोटोत एक मोटार.)

निवेदन :

१९५० आणि ६० च्या दशकातला ब्रिटनमधला कुठलाही घरगुती अल्बम उघडा. लग्नाचे फोटो असतात, नाताळचे असतात, आणि जवळपास तेवढेच मोटारीचे. म्हणजे फोटो माणसांचेच, पण सगळी मोटारीला टेकून उभी. वडिलांचा एक पाय बंपरवर. आई दार उघडं टाकून पुढच्या सीटवर, अर्धी आत, अर्धी बाहेर. पोरं बॉनेटवर. कुत्रा असेल तर तोही टायरपाशी.

साध्या डबा कॅमेऱ्याच्या रोलमध्ये तेव्हा आठ फोटो निघायचे. रोल, धुलाई, छपाई, सगळ्याला पैसे पडायचे. त्या आठांत गाडीला जागा मिळते यावरून तिचा घरातला मान कळतो. आणि सगळ्यांचे डोळे मिचमिचे का? तर कॅमेऱ्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं असायचं की सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा. त्यामुळे समोरच्यांच्या तोंडावर ऊन, आणि फोटो काढणाऱ्याची सावली गवतावरून थेट पुढच्या चाकापर्यंत. घरातला जो माणूस कुठल्याच फोटोत नसतो, तो असा सगळ्या फोटोंत असतो.

(पडद्यावर : फोटोची मागची बाजू. कोरी.)

फोटो कधीचा? मागे काही लिहिलेलं नाही. लोकांची पंचाईत इथेच होते. आजोबांच्या कोटावरून साल ठरत नाही, कारण आजोबा तोच कोट वीस वर्षं घालत. मोटारीवरून मात्र ठरतं.

आधी नंबराची पाटी बघा. १९६३ पासून ब्रिटनमध्ये नंबराच्या शेवटी वर्षाचं अक्षर लागू लागलं. १९६३ ला ए, १९६४ ला बी. गाड्यांची नोंद तेव्हा स्थानिक कौन्सिलं करत. काहींनी हे अक्षर लगेच लावलं, काहींनी टाळलं. १९६५ ला सी आला तेव्हा ते सर्वांना सक्तीचं झालं. पुढे एक गंमत झाली. नवं अक्षर मिरवायला मिळावं म्हणून लोक गाडी घ्यायला जानेवारीपर्यंत थांबू लागले. विक्रेते वैतागले, आणि अक्षर बदलायचा महिना ऑगस्ट झाला. म्हणून ई हे अक्षर जेमतेम सात महिने चाललं, १९६७ च्या जानेवारी ते जुलै. अल्बममध्ये ई दिसला की फोटो त्याआधीचा नाही हे पक्कं. त्यानंतरचा असू शकतो, गाडी जुनी विकत घेतलेली असू शकते.

पण मागच्या काचेवर एक कागद चिकटवलेला दिसला, तर संशयाला जागाच नाही. त्यावर लिहिलेलं असे : इंजिन नवं आहे, पुढे जा. नवी गाडी पहिले काहीशे मैल हळू चालवायची असा दंडक होता. मागच्याने हॉर्न वाजवू नये म्हणून हा कागद. माझ्या मते त्यात विनंती कमी आणि बढाई जास्त होती.

बढाईला कारणही होतं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेला होता. पोलाद कमी. ज्या कारखान्याचा माल परदेशी जाईल त्याला पोलाद आधी, असं सरकारी धोरण. १९५० साली जगात सर्वांत जास्त मोटारी निर्यात करणारा देश ब्रिटन होता, आणि त्याच ब्रिटनमधला कारकून नव्या गाडीसाठी नंबर लावून बसला होता. नंबर आलाच तर गाडी लगेच विकणार नाही असं लिहून द्यावं लागे, कारण काळ्या बाजारात ती जास्त किमतीला जायची. वर खरेदीकर. पेट्रोलचं रेशनिंग १९५० च्या मे महिन्यापर्यंत. १९५१ साली साधारण सात घरांमागे एका घरी मोटार होती. वीस वर्षांनी निम्म्याहून जास्त घरांत होती. बॉनेटला टेकलेली माणसं ही त्या मधल्या वीस वर्षांतली. बहुतेकांच्या घराण्यातली ती पहिलीच मोटार.

(पडद्यावर : मॉरिस मायनर. समोरून. हळूहळू बंपरकडे.)

या फोटोंत एक चेहरा पुन्हा पुन्हा भेटतो. मॉरिस मायनर. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. आराखडा अ‍ॅलेक इसिगोनिसचा. जन्म स्मर्नाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा. पहिल्या महायुद्धानंतरच्या उलथापालथीत १९२२ साली त्याला घर सोडावं लागलं आणि तो पुढे ब्रिटनला आला. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी मुळीच आवडली नव्हती. पाण्यात सोडून शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते, असं ते म्हणाल्याचं सांगतात.

आता बंपर बघा. बरोबर मध्ये एक जोड दिसतो. गाडी जवळजवळ तयार असताना इसिगोनिसला ती अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली आणि दोन्ही भाग नजरेला पटेपर्यंत एकमेकांपासून सरकवले. चार इंच. बॉनेटवर मधोमध जो सपाट उंचवटा दिसतो तो या चार इंचांचा. पण बंपर आधीच बनवून ठेवलेले होते. ते फेकणार कोण? सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मध्ये कापून त्यात चार इंचांची पट्टी बसवली. इतक्या वर्षांनी फोटोत ती पट्टी अजून दिसते.

मायनरच्या चेहऱ्यावरूनही साल सांगता येतं. हेडलाइट खाली जाळीच्या दोन बाजूंना असतील तर गाडी अगदी सुरुवातीची. अमेरिकेचे नियम दिवे उंच मागत होते, म्हणून ते मडगार्डवर चढले. पुढची काच दोन तुकड्यांची असेल तर १९५६ च्या आधीची, अखंड वळणदार असेल तर नंतरची. दारामागच्या खांबातून बाहेर आलेला एक छोटा पिवळा हात दिसला तर तो वळण्याचा इशारा. कधी अडकायचा, कधी वळून झालं तरी बाहेरच राहायचा. मग आतून खांबावर एक बुक्की मारायची.

१० लाखांचा टप्पा गाठणारी ही पहिली ब्रिटिश मोटार. त्या निमित्ताने १९६०-६१ च्या सुमारास ३५० मायनर फिकट जांभळ्या रंगात काढल्या, आत पांढऱ्या सीट. काळ्या-पांढऱ्या फोटोत जांभळा रंग कुठून कळणार? बॉनेटच्या बाजूला नावापुढे एकावर सहा शून्यं दिसतात का ते बघायचं.

(पडद्यावर : उन्हाळ्यातला रस्ता. गाड्यांची लांबच लांब रांग. टपावर कॅरिअर, ताडपत्रीने बांधलेलं सामान.)

उन्हाळ्यात कारखाने दोन आठवडे बंद ठेवायची पद्धत होती. आख्खं शहर एकदम सुटीवर. शनिवारी पहाटे मिडलंड्समधून, म्हणजे मध्य इंग्लंडमधून, निघालेल्या गाड्या डेव्हन-कॉर्नवॉलच्या किनाऱ्याकडे जायच्या आणि एक्सेटरच्या बायपासवर येऊन तुंबायच्या. त्या बायपासची कीर्ती देशभर होती. तासन्‌तास गाडी हलायची नाही. लोक रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवून चहा करायचे, आणि त्या चहाचेही फोटो आहेत. सगळे घडीच्या खुर्च्यांवर, पाठीमागे गाडी, गाडीच्या पाठीमागे दुसऱ्या घराची गाडी. निसर्गाकडे कोणाचं लक्ष नाही.

शिवाय चढ. सॉमरसेटमधल्या पोरलॉकचा चढ म्हणजे चार फुटांना एक फूट. माणसं, ट्रंका, आजी, सगळं भरलेली गाडी मध्यावर तापायची. मग बॉनेट उघडं, वाफ, आणि पाण्याचा कॅन घेऊन उभे असलेले वडील. आठवणी सांगायला बसलं की लोक वेगाच्या गोष्टी सांगत नाहीत. याच सांगतात. चोकची दांडी बाहेर राहत नाही म्हणून तिला लावलेला कपड्यांचा चिमटा. थंडीत बॅटरी झोपली की पुढून हँडल मारणं. आणि हीटर! तो कित्येक गाड्यांत जादा पैसे देऊन घ्यावा लागे. रेडिओ बसवला तर त्याचा वेगळा परवाना, घरच्या रेडिओचा परवाना गाडीला चालत नसे. हे १९७१ पर्यंत.

१९५९ च्या नोव्हेंबरात एम-१ महामार्गाचा पहिला टप्पा उघडला. वेगमर्यादा नव्हती. गावातल्या रस्त्यांवर तीस-चाळीस मैलांच्या वेगाने नीट चालणाऱ्या गाड्या तिथे साठ-सत्तरने पिटाळल्या गेल्या आणि रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाड्यांची रांग लागली. सत्तर मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये आली.

त्याच १९५९ च्या ऑगस्टमध्ये इसिगोनिसची दुसरी गाडी आली, मिनी. सुएझच्या संकटात पेट्रोल पुन्हा रेशनवर गेलं होतं, तेव्हा छोटी गाडी हवी म्हणून तिचं काम सुरू झालं. इंजिन आडवं, चाकं दहा इंची, दहा फूट लांबीत चार माणसं. सर्वांत स्वस्त मिनी करासकट ४९६ पौंड १९ शिलिंग २ पेन्सना. पण इंजिनातल्या ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर थेट जाळीच्या मागे बसवलेला. जोराचा पाऊस आला की पाणी आत, ठिणगी गायब, गाडी बंद. घराघरांत निघालेला उपाय असा : भांडी घासायचा रबरी हातमोजा घ्यायचा, बोटांची टोकं कापायची, एकेका बोटातून एकेक वायर काढायची आणि मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा. तल्लख अभियंत्याची गाडी, तिची काळजी वाहणार स्वयंपाकघर.

(पडद्यावर : मॉरिस मायनर ट्रॅव्हलर. मागचा भाग, लाकडाची चौकट.)

ही १९५३ ची ट्रॅव्हलर. मागचं लाकूड शोभेचं नाही. अ‍ॅश झाडाच्या लाकडाचा खराखुरा सांगाडा, मागच्या अर्ध्या गाडीचा भार त्याच्यावर. म्हणून वार्षिक तपासणीत लाकूड कुजलेलं निघालं तर गाडी नापास होऊ शकते. खिडकीच्या खाचेत शेवाळ उगवायचं. मालक दर वर्षी त्याला वॉर्निश मारायचे, दाराच्या चौकटीला मारतात तसंच.

आपल्याकडे या घराण्याची एक शाखा फार वर्षं नांदली. १९५६ च्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीचे साचे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला आले आणि त्यातून अँबॅसिडर निघाली. ब्रिटनने ते मॉडेल तीन-चार वर्षांत बंद केलं, उत्तरपाड्याने २०१४ पर्यंत चालवलं. मायनरही तिथेच ‘बेबी हिंदुस्थान’ नावाने निघत होती. मद्रासला ट्रायम्फ हेराल्डची स्टँडर्ड हेराल्ड झाली. तिला आपल्या लोकांनी चार दारं लावली, जी मूळ ब्रिटिश हेराल्डला कधीच नव्हती. मुंबईची फियाट मात्र इटलीची, तिचं गोत्र वेगळं.

साठच्या दशकात तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत नोकरीला गेलेल्या भारतीय डॉक्टरांत मराठी डॉक्टरही होते. घरी आलेल्या पत्रातल्या फोटोत ओव्हरकोटातला मुलगा आणि पाठीमागे एक ऑक्सफर्ड उभी असेल, तर पुण्या-सांगलीच्या नातेवाइकांना ती अँबॅसिडरच वाटणार. विलायतेतही तीच गाडी आहे म्हटल्यावर आईला थोडा धीर आला असेल.

(पडद्यावर : लॉंगब्रिज कारखान्याचं जुनं छायाचित्र. मग गंजलेला दरवाजाखालचा पत्रा, जवळून.)

या गाड्या गेल्या कुठे? गंजाने खाल्ल्या. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ चाकाच्या कमानीत साठतं, दाराखालच्या पत्र्यात शिरतं. दहा वर्षांत इंजिन धडधाकट आणि तळाच्या पत्र्याची चाळणी. १९६० पासून दहा वर्षांवरच्या गाड्यांची तपासणी सक्तीची झाली, पुढे ती तीन वर्षांवर आली, आणि हजारो गाड्या त्या टेबलावरच संपल्या. कारखानेही गेले. स्कॉटलंडमधल्या लिनवूडला १९६३ साली हिलमन इम्प या छोट्या गाडीसाठी उभारलेला कारखाना १९८१ मध्ये बंद. बर्मिंगहॅमच्या लॉंगब्रिजला २००५ मध्ये कंपनीच बुडाली. मायनरचं माहेर, ऑक्सफर्डजवळचं काउली, तेवढं चालू आहे. तिथे नवी मिनी बनते, मालक जर्मन.

(पडद्यावर : जुना फोटो, त्यातली नंबराची पाटी मोठी करून. शेजारी संगणकाचा पडदा.)

ब्रिटनमध्ये नंबर सहसा गाडीसोबतच राहतो, मालक बदलला तरी. सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबर टाकला की गाडीची नोंद दिसते. लोक अल्बममधला नंबर टाकून बघतात. बहुतेकदा काहीच सापडत नाही. १९७० च्या दशकात नोंदी कौन्सिलांकडून वेल्समधल्या स्वान्सीच्या संगणकावर गेल्या. १९८३ च्या अखेरीपर्यंत ज्यांनी आपली गाडी तिथे नोंदवली नाही, त्यांचा नंबर यादीबाहेर गेला. तो परत मिळवायला जुन्या लॉगबुकासारखा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपुस्तकासारखा, कागदी पुरावा लागतो.

क्वचित मात्र नोंद निघते. मॉरिस, पहिली नोंदणी १९६१, रंग हिरवा. घरात तोवर तीन भावंडांनी तीन रंग शपथेवर सांगितलेले असतात. हा रंगही सध्याचा, मध्ये कोणी गाडी रंगवली असेल तर भांडण मिटत नाही. कारखान्यातून ती कुठल्या रंगात बाहेर पडली हे वॉरिकशरमधल्या गेडनच्या मोटार संग्रहालयाकडे असलेल्या जुन्या वह्यांतून कळू शकतं. पैसे भरले की ते तसा दाखला देतात. त्यासाठी चॅसी नंबर लागतो. म्हणजे गाडी आज ज्याच्याकडे आहे, आधी त्याला गाठायचं.